स्नायू आखडला असेल

[दृश्य: पहाटेचा अंधार. आतकरवाडीची पायवाट. टॉर्चचे उजेड सिंहगडाकडे सरकताहेत.]

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांमध्ये कॉलेजची मुलं असतात, चाळिशीतले आयटीवाले असतात, साठी ओलांडलेले काकाही असतात. दम लागतो, मांड्या भरून येतात, खांदा दुखतो. नियमित व्यायाम करणाऱ्याला ही सगळी दुखणी ओळखीची असतात. घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ केली की दुसऱ्या दिवशी विसरायची. आणि हीच ओळख एखाद्या दिवशी घात करते.

[दृश्य: मुंबईतला चित्रीकरणाचा सेट, दोर, दिवे.]

१४ डिसेंबर २०२३. अभिनेते श्रेयस तळपदे मुंबईत एका हिंदी चित्रपटाचं चित्रीकरण करत होते. सैनिकी प्रशिक्षणाची दृश्यं होती: दोराला लटकणं, पाण्यात पडणं. शेवटचा शॉट संपला आणि त्यांना श्वास घेणं जड जाऊ लागलं. डावा हात दुखायला लागला. त्या वेळी काय वाटलं, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. वाटलं, मारधाडीच्या दृश्यांत स्नायू ओढला गेला असेल.

ते घरी गेले. पत्नीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच गाडीत बसवून रुग्णालय गाठायला निघाल्या. रुग्णालय हाकेच्या अंतरावर आलं, तेव्हा गाडीतच त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी सीपीआर, म्हणजे छाती जोरात दाबत राहणं, आणि विजेचे झटके देऊन ते पुन्हा सुरू केलं. हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, दुसरी ९९ टक्के.

वय ४७. सिगारेट नाही, दारू क्वचित. घराण्यात हृदयविकार होता म्हणून ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ताच्या तपासण्या आधीच करून घेतलेल्या. कोलेस्टेरॉल थोडं जास्त निघालं, त्यावर औषधही सुरू होतं. इतकी काळजी घेणाऱ्या माणसालाही हातातली ती कळ स्नायूचीच वाटली. आपल्यापैकी कुणालाही तसंच वाटलं असतं.

[दृश्य: रक्तवाहिनीचं रेखाचित्र, आतल्या भिंतीवर हळूहळू जमणारा थर.]

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साठत जातो. पण अटॅक येण्यासाठी हा थर फार जाड असावाच लागतो, असं नाही. पन्नास टक्क्यांहून कमी जागा अडवणारा थरही, आतून मऊ असेल, तर एखाद्या क्षणी पुळीसारखा फुटतो. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. आदल्या दिवशीपर्यंत रक्त व्यवस्थित वाहत होतं, त्यामुळे आदल्या दिवशीचा ईसीजी, अगदी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्टसुद्धा, नॉर्मल येऊ शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर छातीतलं आजचं दुखणं निकालात काढता येत नाही, ते यामुळे.

[दृश्य: झाडीतून जाणारा मोकळा रस्ता. धावणाऱ्याची पावलं.]

अमेरिकेत सत्तरच्या दशकात लाखो सामान्य माणसांना रस्त्यावर धावायला लावलं ते जिम फिक्स या लेखकानं. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये धावतानाच त्यांचा मृत्यू झाला. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्यांमध्ये मोठे अडथळे सापडले. ‘बघा, धावून काय मिळालं?’ असं तेव्हा जगभर म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. फिक्स यांच्या वडिलांना पस्तिशीत अटॅक आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढत होते, वजनही भरपूर होतं. त्यानंतर ते धावू लागले आणि वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगले. व्यायामानं धोका नक्की कमी होतो. पण वडिलांकडून आलेलं रक्त आणि जुन्या सिगारेटी पुसल्या जात नाहीत.

आपल्याकडे हा वारसा जास्त जड आहे. ५२ देशांत झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला इंटरहार्ट अभ्यास सांगतो, की दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. एक कारण लायपोप्रोटीन-ए. हे रक्तातलं घटक द्रव्य जन्मापासून जनुकांनी ठरतं. आहार किंवा धावण्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत ते दिसत नाही, वेगळं सांगून तपासावं लागतं. आयुष्यात एकदा पुरतं.

पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं कारण मात्र थोडं निराळं असतं. तिथे बहुधा जन्मजात दोष असतो, हृदयाचा स्नायू जाड असणं किंवा ठोके चालवणाऱ्या विजेच्या संकेतांत बिघाड.

करोनानंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल लसीवर बोट ठेवलं गेलं. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) १८ ते ४५ वयोगटातल्या अशा ७२९ मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. वाढलेला दिसला तो कुटुंबात आधी असे अचानक मृत्यू झालेल्यांना, करोनानं रुग्णालयात राहून आलेल्यांना, मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू प्यायलेल्यांना किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांना.

[दृश्य: जेवणाचं टेबल. वडील, मुलगी, जुना अल्बम.]

म्हणून घरी विचारा. आजोबा कशानं गेले? काकांना ‘झोपेतच’ गेले म्हणतात, तेव्हा वय काय होतं? वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर जिमचं वजन वाढवण्याआधी, मॅरेथॉनचं नाव नोंदवण्याआधी ही गोष्ट हृदयरोगतज्ज्ञांना सांगा.

आणि छातीवर दडपण, जबड्यात, पाठीत किंवा हातात पसरणारी कळ, गार घाम, नेहमीच्या चढावर अचानक न पेलणारा दम, असं काही झालं तर थांबा. चालून बघू, अॅसिडिटीची गोळी घेऊन बघू, असं नको. स्वतः गाडी चालवत जाऊही नका. १०८ला फोन करा.

[दृश्य: फुटबॉलचं मैदान, प्रशिक्षण वर्गातली डमी.]

सोबतचा माणूस कोसळला, हाक देत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला, तेव्हा हेच झालं आणि सोबत झटका देणारं यंत्र होतं. पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा व्यावसायिक सामन्यात उतरला.

एईडी नावाचं हे यंत्र बोलून सूचना देतं, कुणीही वापरू शकतं. तुमच्या जिममध्ये, टर्फवर, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ते आहे का, विचारा. नसेल तर मागा. असेल तर ते कुलपात ठेवू देऊ नका. सीपीआर मिळत नसेल, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते.