न्यूरबर्गरिंग, १९५७ : ३.६ सेकंदांचा निकाल

मित्रहो, ४ ऑगस्ट १९५७ रोजी न्यूरबर्गरिंग येथे झालेल्या जर्मन ग्रां प्री या मोटार शर्यतीचा निकाल जुन्या नोंदींत अगदी थोडक्यात सापडतो. पहिला हुआन मॅन्युएल फँजिओ, गाडी मासेराती, वेळ ३ तास ३० मिनिटे ३८.३ सेकंद, दुसरा माइक हॉथॉर्न, गाडी फेरारी, ३.६ सेकंद मागे. तिसरा पीटर कॉलिन्स, गाडी फेरारी, ३५.६ सेकंद मागे. साडेतीन तास चाललेली शर्यत अवघ्या ३.६ सेकंदांच्या फरकाने संपली, आणि त्या फरकाच्या मुळाशी वेगाबरोबरच आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे बातमी पोहोचायला लागणारा वेळ. आज मला मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे.

त्यासाठी आधी तो मार्ग डोळ्यांसमोर आणावा लागेल. जर्मनीतील आयफेलच्या डोंगररांगेत, न्यूरबर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती, १९२५ ते १९२७ या काळात बांधलेला हा मार्ग एका फेरीला जवळजवळ २२.८ किलोमीटर लांब होता. आपल्याकडचा एखादा घाटरस्ता, त्याच्या चढउतारांसकट आणि झाडीत दडलेल्या वळणांसकट, दोन्ही टोके जुळवून बंदिस्त केला तर काय होईल, तशी काहीशी त्याची जात होती. शर्यत २२ फेऱ्यांची, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरची. चालकाला आपल्या संघाचा फलक दिसायचा तो पिटसमोरून, म्हणजे संघाच्या मार्गाकडेच्या थांब्यासमोरून जाताना, म्हणजे फेरीतून एकदाच. गाडीत रेडिओ नव्हता. पाठलाग करणारा किती मागे आहे, हे तो पिटसमोरून गेल्यावरच मोजता येई, आणि तोवर पुढचा चालक निघून गेलेला असे. त्यामुळे फलकावरचा आकडा त्याच्या नजरेस पडे तेव्हा तो नऊ मिनिटांहून अधिक शिळा झालेला असे.

फँजिओ तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि चार विश्वविजेतेपदे त्याच्या नावावर होती. हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे दोघे इंग्रज तरुण त्याच्यापेक्षा बरेच लहान होते. फेरारीच्या गाड्या टाकी भरून आणि कठीण रबराच्या टायरांवर निघाल्या, कारण त्यांना मध्ये कुठेही न थांबता शर्यत पुरी करायची होती. मासेरातीने उलटा विचार केला. फँजिओच्या २५०एफ गाडीत अर्धीच टाकी इंधन भरले, मऊ टायर बसवले, आणि हलक्या गाडीने इतकी आघाडी घ्यायची की मध्ये थांबूनही पुढे राहता येईल, असे ठरवले. तिसऱ्या फेरीत तो पुढे गेला आणि १२व्या फेरीअखेर पिटमध्ये आला तेव्हा त्याच्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी होती. तेथे मात्र एका चाकाचा नट गाडीखाली घरंगळला, तो शोधण्यात मोलाचे क्षण गेले, आणि फँजिओ पुन्हा मार्गावर आला तो दोन्ही फेरारींच्या मागे पाऊण मिनिटाहून अधिक अंतरावर.

नवे टायर रुळेपर्यंत त्याने सुरुवातीला गाडी फारशी ताणली नाही. फेरारीच्या पिटमध्ये बसलेल्यांनी घड्याळे पाहिली, अंतर घटत नाही असे त्यांना दिसले, आणि धोका टळला असे मानून त्यांनी आपल्या चालकांना तसेच फलक दाखवले. त्यांच्या हातातल्या माहितीवरून तो निष्कर्ष अवाजवी नव्हता, असे मला वाटते. फक्त ती माहिती मागच्या फेरीची होती. त्यानंतर फँजिओ जे चालवू लागला त्याला तोड नाही. एरवी ज्या गिअरमध्ये वळण घ्यावे, त्याच्या वरच्या गिअरमध्ये तो अनेक वळणे घेऊ लागला, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गाडीचा वेग आधीच चढलेला असे. फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला. आदल्या वर्षीचा विक्रम त्याचाच होता, ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा, या शर्यतीच्या सरावात त्याने ९ मिनिटे २५.६ सेकंदांत फेरी मारून सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा मिळवली होती. आणि २०व्या फेरीत त्याने नोंदवलेली वेळ होती ९ मिनिटे १७.४ सेकंद. सरावात केवळ एका फेरीपुरती सारी शक्ती लावता येते. तीन तासांच्या थकव्यानंतर त्याच माणसाने त्याहून ८.२ सेकंद कमी घ्यावेत, ही गोष्ट मला निकालापेक्षाही मोठी वाटते.

फेरारीच्या पिटला धोका उमगला तेव्हा फारच थोड्या फेऱ्या उरल्या होत्या. इशारा मिळताच दोघांनी वेग वाढवला, पण मधल्या फेऱ्यांत निसटलेले सेकंद परत येणार नव्हते. २१व्या फेरीत फँजिओने आधी कॉलिन्सला गाठले आणि मागे टाकले, आणि त्याच फेरीत पुढे आतल्या बाजूने शिरून हॉथॉर्नलाही. हॉथॉर्नने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही, ते ३.६ सेकंद त्याच्याही जिद्दीची साक्ष देतात. चौथा फेरारीचा लुइजी मुसो, पाचवा व्हॅनवॉल चालवणारा स्टर्लिंग मॉस.

या विजयाने फँजिओचे पाचवे विश्वविजेतेपद निश्चित झाले. तो आकडा पुढे २००३ साली मायकेल शुमाकरने ओलांडला. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील फँजिओचा हा २४वा विजय होता आणि तोच शेवटचा ठरला. कॉलिन्स पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, याच मार्गावर याच शर्यतीत अपघातात गेला. हॉथॉर्न त्या वर्षी विश्वविजेता झाला, त्याने शर्यतींतून निवृत्ती घेतली, आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमधील साध्या रस्त्यावर मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. फँजिओ १९९५ पर्यंत जगला.