दरवेशाचं अस्वल आणि पोरकी पिल्लं

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी दारावर आलेलं दरवेशाचं अस्वल पाहिलं असेल. डमरू वाजला की आम्ही पोरं धावायचो. पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवा, भीती जाते, असं कुणीतरी सांगायचं. अस्वलाचा केस ताईतात घालायचा, हेही ठरलेलं. त्या जनावराला बैलासारखी वेसण असायची, पण हे अस्वल याच्याकडं आलं कुठून, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. ते पिल्लू असतानाच धरलेलं असायचं, आणि आई जिवंत असताना अस्वलाचं पिल्लू सहसा कुणाच्या हाती लागत नाही.

२००९च्या सुमाराला ही प्रथा आपल्याकडं बंद पडली. सुटलेली अस्वलं रानात मात्र गेली नाहीत, आग्र्यासारख्या ठिकाणच्या केंद्रांत राहिली. दात मोडलेले, नाक फाटलेलं, आणि खाणं माणसाच्या हातून. ती रानात जगणार कशी?

मग पोरक्या पिल्लाला वाढवायचं आणि तरी रानाचंच ठेवायचं, हे जमतं का? रशियात त्वेर प्रांतात बुबोनित्सी नावाचं गाव आहे. तिथं वालेंतिन पाझेत्नोव या प्राणिशास्त्रज्ञानं ते जमवून दाखवलं. सत्तरच्या दशकात हा माणूस पिल्लांबरोबर रानात राहिला. काय खायचं, हे पिल्लाला आईनं शिकवावंच लागतं असं नाही, ते त्याच्या अंगातच असतं, असं त्याच्या लक्षात आलं. माणसाला बिचकणं मात्र टिकवावं लागतं. नव्वदच्या दशकापासून तिथं पोरकी पिल्लं येऊ लागली. जानेवारीत जन्मलेली, अर्ध्या किलोची, डोळेही न उघडलेली. गुहेतल्या शिकारीत आई मारली जायची किंवा पळून जायची. केंद्रात बाटलीनं दूध पाजायचं, पण पिल्लासमोर बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत. पुढं दुधातली पेज भांड्यात ठेवायची आणि मागं फिरायचं. थोडी मोठी झाली की कुंपणातलं रान, आणि हिवाळ्याआधी सुटका. अशी २००हून जास्त अस्वलं तिथून रानात गेली आहेत. दूध पिताना ही पिल्लं मोटार सुरू असल्यासारखी गुरगुरत राहतात. ते ऐकत गप्प बसायचं म्हणजे काय, याचा विचार करा. मला नसतं जमलं.

आता आपल्याकडं या. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाजवळ २००२पासून हिमालयी काळ्या अस्वलाच्या पिल्लांसाठी केंद्र आहे. राज्याचं वनखातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया मिळून ते चालवतात. तिथली रीत अगदी उलटी. सांभाळणारा माणूस पिल्लांना घेऊन रोज रानात फिरायला जातो. तीही त्याच्या मागं मागं चालतात, झाडावर चढतात, मुंग्या उकरतात. हळूहळू दूर जाऊ लागतात. शेवटी गळ्यात रेडिओ कॉलर घालून सोडून द्यायची. एकीकडं माणूस लपतो, दुसरीकडं माणूसच आई होतो! कोणतं बरोबर, असं विचाराल, तर मी पक्केच्या बाजूनं आहे. पण त्यात एक अट आहे: तो एकच माणूस. गावभर सगळ्यांनी मांडीवर घेऊन फोटो काढले की संपलं.

मेळघाटात किंवा बुलढाण्याकडं अस्वलाचं पिल्लू एकटं दिसलं, तर हात लावू नका. आई चरायला गेलेली असते, पिल्लू कपारीत ठेवून. ती परत येते तेव्हा तुम्ही तिथं नसलेलं बरं. लांब जाऊन १९२६ला फोन करा, तो वनखात्याचा नंबर आहे.