ड्रॉपबेअर: एका थापेचं नाव घेतलेलं कवितांचं पुस्तक

ऑस्ट्रेलियात नवखा टूरिस्ट जंगलात फिरायला निघाला की तिथली मंडळी एक थाप हमखास मारतात. वर बघून चाला हां, झाडावर ड्रॉपबेअर असतो. दिसायला कोआलासारखाच, पण थोराड, मांस खाणारा, आणि खालून कोणी गेलं की धपकन अंगावर पडतो. उपाय काय, तर कानामागे व्हेजिमाइट (तिथे पावाला लावतात तो काळा, खारट लगदा) फासायचं! सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनेसुद्धा वेबसाइटवर या प्राण्याचं अख्खं पान केलंय, शास्त्रीय नावासकट, थायलार्क्टॉस प्लमेटस. म्हणजे सगळा देश मिळून मारलेली थाप.

हेच नाव एव्हलिन अरालुएनने आपल्या पहिल्या पुस्तकाला दिलं. ती बुंजालुंग या आदिवासी समाजाची वंशज, वाढली सिडनीच्या पश्चिमेला, धारूग आदिवासींच्या जमिनीवर. पुस्तक आलं 2021 ला, आणि 2022 ला त्याला स्टेला प्राइझ मिळालं, ऑस्ट्रेलियातल्या लेखिकांसाठीचं मोठं बक्षीस, 60 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. गंमत अशी की या बक्षिसासाठी कवितासंग्रह चालतील असं त्याच वर्षी पहिल्यांदा ठरलं होतं, म्हणजे दार उघडलं आणि कविता आत येऊन थेट पहिल्या खुर्चीवर बसली. पुढच्या वर्षी परत कविताच, सारा हॉलंड-बॅटचं द जॅग्वार, पार्किन्सन्स झालेल्या वडिलांवरचं. ते पण जबरदस्त आहे, पण त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

तर ड्रॉपबेअर. यात कविता आहेत आणि मधेच गद्य येतं, निबंधच म्हणा ना. एक पान ओळींचं, पुढचं सलग परिच्छेदांचं, आणि दोन्हीत भांडण एकच. ते भांडण कळायला आधी ही चित्रं बघा.

ही गुबगुबीत बाळं दिसतायत ना, डोक्यावर निलगिरीच्या बोंडाची टोपी घातलेली? ही मे गिब्स या लेखिका-चित्रकार बाईंची गमनट बाळं, स्नगलपॉट आणि कडलपाय, 1918 सालची. ऑस्ट्रेलियातल्या पिढ्यान्‌पिढ्या यांच्यावर वाढल्या. गोरीगोमटी, निरागस, झाडाच्या पोटातून आल्यासारखी. आणि व्हिलन कोण, तर बँक्सिया नावाच्या तिथल्या झाडाच्या सुक्या बोंडांपासून बनलेले काळपट, केसाळ बँक्सिया मेन. आता हे रंग कुणी मुद्दाम वाटले का, माहीत नाही, पण वाटणी डोळ्यांना दिसतेच. आणि या जंगलात माणसं कुठायत? ज्यांचं हे जंगल हजारो वर्षं होतं ती? बोलणारी झाडं आहेत, सरडे आहेत, पक्षी आहेत, मालकच गायब.

अरालुएनने यावर 2019 ला एक लांबलचक निबंध लिहिला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ती लांब उभी राहून दगड मारत नाही. ती स्वतः हीच पुस्तकं ऐकत मोठी झालीये, आईवडिलांनी वाचून दाखवलेली. म्हणजे ज्या गोष्टीने तुला झोपवलं तिनेच तुझ्या माणसांना गोष्टीतून बाहेर ठेवलंय, आणि तरी ती गोष्ट तोंडपाठ आहे, करायचं काय? राग सोपा असतो हो, लळा लागलेल्या गोष्टीवर रागावणं अवघड. म्हणून तिच्या कवितेत ही गोंडस पात्रं परत येतात, पण थट्टा करत, चावत, आणि वरून धपकन पडत.

ही वाट मळलेली नव्हती. 1964 ला कॅथ वॉकर या बाईंचा वी आर गोइंग हा संग्रह आला, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कवीचं छापलेलं पहिलं कवितांचं पुस्तक. तेव्हा काही समीक्षकांनी नाक मुरडलं की ही कविता नाही, प्रचार आहे. (हे वाक्य आपल्याकडेही ऐकलेलं वाटतं ना?) 1988 ला गोऱ्या वसाहतीला 200 वर्षं झाल्याचा जल्लोष होता, त्याच्या निषेधात बाईंनी ब्रिटिश राजवटीचा एमबीई किताब परत केला, आपल्याकडच्या पुरस्कार वापसीच्या कितीतरी आधी, आणि नावही बदलून ऊजरू नूनुकल असं आपल्या लोकांचं घेतलं.

आता परत कोआलाकडे, कारण सगळ्या गोंडसपणाचा राजा तोच. 1933 ला ब्लिंकी बिल नावाचा खोडकर कोआला मुलांच्या पुस्तकात आला आणि सगळ्यांचा लाडका झाला. त्याच्या फक्त सहा वर्षं आधी, 1927 ला, क्वीन्सलंड सरकारने कोआलाची शिकार खुली केली होती आणि महिन्याभरातच पाच लाखांहून जास्त कोआला मारले गेले. कातड्यासाठी. आधी सोलला, मग त्याला चड्डी घालून गोष्टीत बसवला.

अरालुएनच्या पुस्तकात 2019-20 च्या वणव्यांचा धूर आहे, ज्यात जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातला कोआला नष्ट होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकला. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, स्टेला प्राइझ जाहीर झालं, ड्रॉपबेअरला.