खजूर, खारीक आणि रक्तवाढीचा समज

श्रोतेहो, नमस्कार.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायचे ठरले की खारीक कुटायला घेतली जाते, आणि अंगात रक्त कमी आहे असे कळले की घरातील वडीलधारी मंडळी रोज खजूर खायला सांगतात. स्तनपान देणाऱ्या आईला जादा उष्मांक लागतात, त्यामुळे लाडवांतली खारीक योग्यच आहे. रक्तवाढीच्या सल्ल्याबाबत मात्र सावध राहावे लागते.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम मेजूल जातीच्या खजुरातून 277 किलोकॅलरी, 75 ग्रॅम कर्बोदके, पावणेसात ग्रॅमच्या आसपास तंतू आणि केळ्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे 700 मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. लोह मात्र जेमतेम 1 मिलिग्रॅम. भारतीय तक्त्यांत खारकेसाठी याहून मोठा आकडा आढळतो. तरीही 2020 च्या भारतीय शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवे असते आणि वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, हे पाहता डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून खजुरावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

खजूर कोणत्या अवस्थेत खाल्ला जातो, यावरही त्याचे पोषण अवलंबून असते. इराक, सौदी अरेबिया, इजिप्त अशा कोरड्या, उष्ण प्रदेशांत फळ झाडावरच पिकून सुकते. पाणी घटते, साखर घट्ट होते आणि म्हणूनच ते महिनोन्महिने टिकते. कच्छमध्ये, मुंद्रा-भुज-अंजारच्या पट्ट्यात, फळ पूर्ण पिकण्याआधीच पावसाळा गाठतो, म्हणून तेथील शेतकरी जून-जुलैत पिवळी आणि लाल, कुरकुरीत फळेच उतरवतात. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कच्छी खारेक ती हीच. तिच्यात पाणी अधिक आणि साखर कमी असते, सुक्या खजुरात जवळजवळ नाहीसे होणारे क जीवनसत्त्वही थोडेफार असते. काही जातींचा तुरटपणा त्यांतील टॅनिनमुळे येतो व फळ पिकताना तो ओसरतो.

मधुमेहींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. संयुक्त अरब अमिरातीत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात खजुराच्या पाच जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने वाढते याचे माप) मधुमेहींमध्ये 43 ते 53 इतका, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी आढळला. परंतु त्यात अवघे 10 मधुमेही होते, आणि निर्देशांक कमी असला तरी मेजूलच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग साखरच असतो. तेव्हा एखाद-दुसरे फळ, तेही जेवणातील इतर कर्बोदके कमी करून आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे.

त्याच वर्षी जॉर्डनमधून आलेल्या अभ्यासात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या 69 स्त्रियांची तुलना न खाणाऱ्या 45 जणींशी केली होती. खाणाऱ्यांना कळा सुरू करण्यासाठी औषधाची गरज कमी पडली. या गट-विभागणीत चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, त्यामुळे हा निष्कर्ष आशादायक असला तरी पक्का म्हणता येत नाही.

ज्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले आहे त्यांनी मात्र, पोटॅशियम रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून, उपवासालाही वैद्यकीय सल्ल्याशिवाय खजूर खाऊ नये.