अडथळ्यांचे उपकार
(साताऱ्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विश्वाच्या जडणघडणीवरची व्याख्यानं बहुधा महास्फोटापासून, म्हणजे विश्वाच्या आरंभापासून निघतात आणि तासाभरात माणसापर्यंत येऊन पोचतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं कसं सुरळीत घडत गेलं. मला आज ती अडलेली ठिकाणं दाखवायची आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की, विश्व जिथे जिथे अडलं, तिथे तिथे जीवसृष्टीला जागा मिळाली.

पहिली अडचण अगदी सुरुवातीच्या काही मिनिटांतली. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना चिकटत होते, त्यांचा हेलियम होत होता. हेलियमच्या केंद्रकात चार कण. त्यात पाचवा घालू म्हटलं तर पाच कणांचं टिकाऊ केंद्रक निसर्गात नाहीच. बरं, दोन हेलियम जोडावेत, तर आठ कणांचंही टिकत नाही. तोवर विश्व प्रसरण पावून निवत चाललेलं. काम तिथेच थांबलं. वजनाने साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम आणि नावापुरता लिथियम, एवढाच ऐवज हाती राहिला.

हे बरं झालं. वाट मोकळी असती आणि सवड मिळाली असती, तर सगळं द्रव्य लोखंडाच्या दिशेने सरकलं असतं, कारण त्याच्या आसपासची केंद्रकं सर्वांत घट्ट बांधलेली असतात. मग हायड्रोजन कुठून आणायचा? माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर तुम्ही ओंजळीत पाणी घेता, तेव्हा त्यातल्या दर तीन अणूंपैकी दोन हायड्रोजनचे असतात. त्यांची केंद्रकं १३८० कोटी वर्षांपूर्वीची, त्या अर्धवट राहिलेल्या कामातली शिल्लक आहेत.

आता सूर्य. त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे, तरी तो सगळा हायड्रोजन एकदम का पेटत नाही? दोन प्रोटॉन एकत्र यायचे तर त्याच क्षणी त्यांतल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम ज्या बलाकडे आहे त्याचं नावच मुळी दुर्बल बल. गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला आपली पाळी यायला सरासरी काही अब्ज वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे सूर्याच्या गाभ्यात घनमीटरमागे निर्माण होणारी ऊर्जा तीनशे वॉटसुद्धा भरत नाही. आपल्या शेतातल्या कंपोस्टच्या ढिगात साधारण तेवढीच ऊब असते! सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अफाट आकारामुळे. किलोमागे हिशोब केला तर इथे खुर्चीवर नुसते बसलेले तुम्ही सूर्याहून काही हजार पटीने जास्त उष्णता देता. (पंखे वाढवा असं मी संयोजकांना म्हणालो, ते काही उगाच नाही.)

या मंद आचेवर ४६० कोटी वर्षं निघाली. पृथ्वीवर जिवाच्या खुणा निदान ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या सापडतात, पण डोळ्यांना दिसतील असे प्राणी आले ते साधारण ६० कोटी वर्षांपूर्वी. सूर्य उतावळा असता तर कारभार सूक्ष्मजीवांपाशीच आटोपला असता.

आता खरी गोष्ट, कार्बनची. आठ कणांचं केंद्रक टिकत नाही म्हणालो. दोन हेलियम मिळून होणारं हे बेरिलियम-८ सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या एक अब्जाव्या भागात मोडतं. तरीही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गाभ्यात, दहा कोटी अंशांना, एक मोडेपर्यंत दुसरं तयार होत असतं. म्हणजे कोणत्याही क्षणी थोडं बेरिलियम हजर असतंच. तेवढ्यात तिसऱ्या हेलियमने येऊन गाठलं, की बारा कणांचा कार्बन. सॅलपीटर या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये ही वाट मांडली, पण हिशोबात कार्बन फारच थोडा निघे.

१९५३ मध्ये केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल कॅलिफोर्नियात होते. त्यांचा तर्क असा: ज्या अर्थी कार्बन जगात भरपूर आहे, त्या अर्थी त्याच्या केंद्रकाला एक ऊर्जापातळी (केंद्रक ज्या ठरावीक ऊर्जेला राहू शकतं अशी पायरी) नेमक्या जागी असलीच पाहिजे, म्हणजे हेलियम आणि बेरिलियम यांच्या एकत्रित ऊर्जेच्या जरा वर. ती असेल तर अनुनादाने, म्हणजे दोन्हीकडच्या ऊर्जा जुळून आल्याने, हा संयोग कितीतरी पटींनी वाढेल. तिथल्या प्रयोगशाळेतल्या विल्यम फाउलरना हे आधी पटेना. वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने मोजलं, आणि ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे केंद्रकांच्या ऊर्जेचं माप) पातळी निघाली. अर्थात तिथे पोचलेलं कार्बनचं केंद्रकही बहुतेक वेळा पुन्हा तुटतंच. अंदाजे अडीच हजारांतलं एक स्थिरावतं. आपल्या उसातली साखर, हळदीचा रंग, तुमचे-माझे स्नायू, सगळं त्या अडीच हजारांतल्या एकांवर उभं आहे.

आणि तो कार्बन उरतो कसा? त्यात आणखी एक हेलियम शिरला की ऑक्सिजन. इथेही ऑक्सिजनची एक पातळी आहे, पण ती हवी त्या ऊर्जेच्या थोडी खाली, त्याच मापात ७.१६ ऐवजी ७.१२ वर. अनुनाद हुकतो, कार्बन वाचतो, शिवाय ऑक्सिजनही पुरेसा होतो.

१९८३ चं नोबेल फाउलरना मिळालं, चंद्रशेखर यांच्याबरोबर. हॉइलना मिळालं नाही. तो अन्यायच होता असं माझं मत आहे. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, १९३८ चा जन्म. गंमत अशी की गुरू-शिष्य दोघांनाही महास्फोट मान्य नव्हता. नारळीकर सरांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. महास्फोटाबाबत बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत, पण ताऱ्यांत मूलद्रव्यं घडतात हा हॉइल यांचा सिद्धांत मात्र सर्वांनी घेतला. कासच्या पठारावरच्या जांभ्याला लाली देणारं लोखंडही ताऱ्यांच्या स्फोटांतूनच आलेलं.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: "मग हे सगळं कुणी जुळवून आणलं?" जुळवून आणलं असं मानायची घाई मला नको वाटते. ती ७.६५ ची पातळी थोडी इकडेतिकडे सरकवून लोकांनी गणितं केली आहेत. थोड्या फरकाने कार्बन काही नाहीसा होत नाही. बेरिलियम-८ टिकाऊ असतं अशा काल्पनिक विश्वाचं गणितही ॲडम्स आणि ग्रोस या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये केलं. तिथले तारेही कार्बन करतातच, फक्त निराळ्या वाटेने. तेव्हा आपल्या वाटेवरच्या अडथळ्यांचे उपकार मानावेत. पण दुसरी वाट नव्हतीच, असं मी म्हणणार नाही.