गोष्ट पडद्यावर येते, सांगणारा कुठं जातो?

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत ऐकू येऊन राहिलं ना? बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलाय, कूलर काही बंद करता येणार नाही, म्हणून मीच जरा आवाज चढवून बोलते.

वाचनालयाच्या मंडळींनी मला सांगितलं की ताई, अलीकडे पाहिलेले सिनेमे अन् ज्या पुस्तकांवरून ते निघाले ती पुस्तकं, यावर मोकळं बोला. मी लगेच हो म्हटलं, कारण हा विषय माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. पुस्तकावरचा सिनेमा पाहून आपण बाहेर येतो अन् पार्किंगमधून गाडी काढता काढताच कोणीतरी विचारतं, "पुस्तकासारखा होता का गं?" मीपण कितीतरी वर्षं हेच विचारायची. आता मला वेगळंच बघायचं असतं, म्हणजे पुस्तकात ही गोष्ट कोण सांगत होतं अन् पडद्यावर आल्यावर त्या सांगणाऱ्याचं काय झालं. प्रसंगांचं काय हो, पाच गाळतील, दोन वाढवतील, त्यानं फार बिघडत नाही. पण सांगणारा गेला ना, की सगळं जागच्या जागी असूनही घर रिकामं वाटतं.

हे मला कशावरून कळलं ते सांगते. आमचं घर नागपूरच्या महाल भागात. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, मग गाद्या टाकायच्या, अन् आजी कंदील उशाशी घेऊन 'श्यामची आई' वाचायची. रोज एकच रात्र. ते पुस्तक तसंच लिहिलंय, रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर आईची आठवण सांगतो. साने गुरुजींनी हे १९३३ मधे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत, हे मला फार नंतर समजलं. आम्हाला एवढंच माहीत की एक रात्र संपली की आजी पुस्तक मिटणार, चष्मा त्याच्यावर ठेवणार अन् म्हणणार, "आता उद्या." कितीही हट्ट करा, पुढचं पान नाही. वाचता वाचता तिचा आवाज भरून यायचा, ती थांबायची, पदरानं नाक पुसायची, अन् आम्ही पोट्टे गप्प पडून चांदण्यांकडे बघत तिचा आवाज परत लागायची वाट बघायचो.

मग कधीतरी दूरदर्शनवर अत्र्यांचा सिनेमा लागला. १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला पहिला चित्रपट, वनमालाबाई आई अन् माधव वझे श्याम. आजी 'भरजरी गं पितांबर' पडद्यासोबत म्हणत होती अन् रडत होती. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, सिनेमा सुंदर होता, वनमालाबाईंचा चेहरा आजही डोळ्यासमोरून जात नाही, पण आठ-नऊ वर्षांच्या मला वाटत होतं की ही आई आत्ता, इथं, माझ्यासमोर जिवंत आहे, अन् पुस्तकातली आई गेलेली आहे. पुस्तकात पहिल्या रात्रीपासून आपल्याला माहीत असतं की हा मोठा झालेला माणूस गेलेल्या आईबद्दल बोलतोय. तो पोहायला घाबरून लपल्याचा प्रसंग घ्या, आई शिंपटीनं मारते तो. पडद्यावर तो मार आहे. पुस्तकात तो मार आठवणारा माणूस आहे, ज्याला ती शिंपटी परत हवी आहे. फरक तिथं आहे.

म्हणून २०२३ मधे सुजय डहाकेचा नवा 'श्यामची आई' आला तेव्हा मी पहिल्या आठवड्यातच गेले. थेटरात मोजून वीसएक माणसं होती याचं फार वाईट वाटलं, नंतर त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला ते ऐकून बरं वाटलं. कृष्णधवल आहे सगळा. अन् त्यानं काय केलं, तर साने गुरुजींनाच आत आणलं. ओम भूतकर गुरुजी झालाय, तुरुंगातला, स्वातंत्र्याच्या लढ्यातला, अन् तिथून तो कोकणातल्या आईकडे मागं जातो. माझी आजी गच्चीवर जे करत होती ते मला पडद्यावर दिसलं, सांगणारा माणूस दिसला, अन् मग आई गेलेली आहे हे पहिल्यापासून मनात राहिलं. काही ठिकाणी सिनेमा लांबतो, बाहेरचा लढा अन् आतलं घर यांचा सांधा दोन-तीनदा निसटतो, ते मी नाकारत नाही. पण जागा त्यानं बरोबर ओळखली.

याच डहाकेनं २०१२ मधे 'शाळा' केला होता, मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवर. इथं कितीजणांनी वाचलीय? ... बघा, निम्म्यांच्या वर हात आहेत. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याची शिरोडकर. कादंबरी सगळी त्याच्या तोंडून आहे. अन् त्याचं बोलणं कसं आहे, पोरगं एका दमात बोलतं, मास्तरांची नक्कल, मित्रांचं वात्रट बोलणं, मधेच एकदम शांत होऊन आकाशाबद्दल काहीतरी. सिनेमात अंशुमन जोशीचा चेहरा फार प्रामाणिक आहे अन् केतकी माटेगावकर शिरोडकर म्हणून मनात बसतेच, पण आतल्या त्या बडबडीचा धूर्तपणा, पौगंडातलं ते चावट कुतूहल पडद्यावर धुऊन निघालं, मुलं जरा जास्तच गोड झाली. माझ्या भाचीनं आधी सिनेमा पाहिला अन् मग पुस्तक वाचलं, तिचा फोन आला, "मावशी, हा मुलगा तर डोक्यात सारखा बोलून राहिला, सिनेमात तर गप्पच होता." अकरावीतली पोरगी, तिनं एका वाक्यात सांगितलं जे मला सांगायला अर्धा तास लागून राहिला.

बरं, सांगणाऱ्याला व्हॉइसओव्हर देऊन भागतं का? नेहमी नाही. पण 'ट्वेल्थ फेल'मधे भागलंय. अनुराग पाठक यांच्या हिंदी पुस्तकावरून विधु विनोद चोप्रांनी २०२३ मधे केला, मनोजकुमार शर्मा या आयपीएस अधिकाऱ्याची खरी गोष्ट. सिनेमात ती कोण सांगतं? मनोज नाही सांगत, त्याचा मित्र पांडे सांगतो, जो स्वतः त्या परीक्षेत मागं पडतो, ज्याच्या मनात मित्राबद्दल प्रेमही आहे अन् थोडी असूयाही. पीठ गिरणीत रात्री पिठानं पांढरा झालेला विक्रांत मॅसी वाचत बसलाय, तो प्रसंग आपण त्या मित्राच्या कानांनी ऐकतो. जिंकलेल्या माणसानं स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली असती तर ते भाषण झालं असतं. आपल्या नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, आमच्या प्रतापनगरातच माझ्या घरापासून चालत जाता येतील अशा तीन आहेत, रात्री बारालाही दिवे चालू, खाली सायकली अन् बाईकची रांग. त्यातल्या एका मुलानं मला सांगितलं की काकू मी तो सिनेमा चारदा पाहिला अन् चारही वेळा मला पांडेच जवळचा वाटला. मला ते फार लागलं. त्या अभ्यासिकेत मनोज एखादाच होणार, बाकी सगळे पांडे आहेत, अन् त्या सगळ्यांना तिथं एक आवाज मिळाला.

आता 'छावा'बद्दल विचाराल हे माहीत आहे. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ ची, सिनेमा फेब्रुवारी २०२५ चा, लक्ष्मण उतेकरांचा. कादंबरी एवढी जाड की आमच्याकडे ती उशाशी ठेवून महिनाभर चालायची. त्यात राजपुत्राचं मन आहे, आई लहानपणी गेलेली, आजीच्या सावलीत वाढलेला, 'बुधभूषण' लिहिणारा संस्कृत जाणणारा तरुण. सिनेमात लढाया आल्या, गर्जना आल्या, छळ आला, विकी कौशलनं जीव तोडून काम केलंय, अन् शेवटी थेटरात माणसं हुंदके देत होती, माझ्याही डोळ्याला पाणी होतं. पण तो लिहिणारा, एकटा बसणारा माणूस मी शोधत राहिले. तो मला एकाच ठिकाणी भेटला, साखळदंडात बांधलेले संभाजीराजे अन् कवी कलश एकमेकांना ओळी देतात तिथं. दोघंही रक्तबंबाळ, अन् एकाची ओळ दुसरा उचलून पुढं नेतो. तेवढी पाच मिनिटं मला कादंबरी पडद्यावर दिसली. बाकी वेळ दणदणाट फार होता, माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

'तुंबाड'ची गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या जवळची आहे. त्याचा दिग्दर्शक राही अनिल बर्वे, त्याला १९९३ मधे एका मित्रानं भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची एक कथा सांगितली, अन् कुठं, तर नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला असताना. म्हणजे इथून दोन-अडीच तासांवर. आता विचार करा, रात्र, नागझिरा, ज्यांनी तिथं मुक्काम केलाय त्यांना माहीत आहे तिथली रात्र म्हणजे काय असते, वीज नाही, तळ्याच्या बाजूनं मधेच सांबराचा आवाज येते अन् सगळे एकदम गप्प होतात, अशात कोणीतरी दबक्या आवाजात धारप सांगतंय. मुलाला जी भीती बसली त्यातला धारपांचा वाटा किती, मित्राच्या आवाजाचा किती अन् जंगलाचा किती, हे वेगळं करताच येणार नाही. सिनेमा २०१८ ला आला, नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, गोष्टीचा त्या कादंबरीशी संबंध नाही. शूटिंगला वर्षानुवर्षं लागली, खरा पाऊस हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे. सप्टेंबर २०२४ मधे तो परत लागला अन् पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. अन् त्यात आजी आहे, साखळीनं बांधलेली म्हातारी, हस्तरचं, म्हणजे गोष्टीतल्या त्या शापित देवाचं, नाव काढलं की जागच्या जागी झोपते. मला पडद्यावर तो ऐकलेल्या गोष्टीचा गुण दिसतो, वाचलेल्या नाही, म्हणून तो इतका अंगावर येते. दिग्दर्शकानं कथा नाही चित्रित केली, ती ऐकतानाची रात्र चित्रित केली.

जुन्यातलं एकच घेते, 'सिंहासन'. १९७९, जब्बार पटेल. अरुण साधू आपल्याकडचे, परतवाड्याचे, २००७ च्या नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या दोन कादंबऱ्या, 'सिंहासन' अन् 'मुंबई दिनांक', विजय तेंडुलकरांनी एकत्र करून पटकथा केली. दोन जाडजूड कादंबऱ्या अन् दीड-दोन डझन माणसं एका सिनेमात कशी बसवायची? तर एक पत्रकार धरला, दिगू टिपणीस, निळू फुले. तो फारसं काही करत नाही, बघत राहतो, खिशात हात घालून उभा राहतो, सगळ्यांचं ऐकतो. अन् शेवटी ज्यानं सगळं पाहिलं त्याचंच डोकं फिरतं, तो वेड्यासारखा हसत सुटतो. सांगणाऱ्यावर गोष्टीचा काय परिणाम होतो हे दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा मला आठवत नाही. अन् त्यात सुरेश भटांची 'उषःकाल होता होता' आहे. भट शेवटची वर्षं आपल्या नागपुरात होते, रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, तिथं आपण कार्यक्रमाला जातो, पण ही कविता कितीजणांनी सिनेमात, तिच्या जागेवर ऐकलीय? जरूर ऐका, आशाबाईंचा आवाज आहे.

नाटकाबद्दल दोन मिनिटं, कारण नाटककार महेश एलकुंचवारांच्या गावात बसून त्यांना टाळता येत नाही. त्यांच्या 'पार्टी'वर गोविंद निहलानींनी १९८४ मधे सिनेमा केला, पटकथा एलकुंचवारांचीच. नाटकात अमृत नावाचा कवी आहे, तो येतच नाही, सगळे त्याच्याबद्दल बोलतात. मला नाटक वाचताना तो न आलेला माणूसच सगळ्यात मोठा वाटला. सिनेमात शेवटी तो दिसतो, नसीरुद्दीन शाह, रक्तानं माखलेलं तोंड. अंगावर काटा येतो हे खरं. तरी मला अजून वाटतं की तो दिसायला नको होता. एका मित्राशी यावर माझा शंकरनगरच्या चहाच्या टपरीवर दीड तास वाद झाला, तो म्हणे, न दाखवून प्रेक्षकाची सुटका झाली असती. त्याचंही पटतं, अन् मग परत नाटक वाचलं की माझं मला पटतं.

आता शेवटचं, अन् हे बोलायचं म्हणूनच मी आज आले. उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० ची कादंबरी, कौतिक तिची नायिका. मधे, २०१४ मधे, याच नावाचा सिनेमा आला, उषा जाधवला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ती स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची वेगळीच गोष्ट. मी थेटरात शेजारच्या बाईंना कुजबुजताना ऐकलं, "कौतिक कधी येते हो?" त्या कौतिकची वाट बघत होत्या. ती येणार नव्हती.

कौतिक कोणी पडद्यावर आणलीच, तर वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईला घ्या एवढं मला म्हणायचं आहे. पोशाख करता येतो, कुडाचं घर उभं करता येतं. पण ती नवऱ्याशी, लेकरांशी, शेजारणीशी ज्या वेगवेगळ्या आवाजात बोलते तो पुण्या-मुंबईत महिनाभर वर्कशॉप घेऊन जमायचा नाही. संध्याकाळी चूल पेटवताना बाई स्वतःशीच पुटपुटते, उद्या लेकरांना काय घालू याचा हिशोब करते, ते पुटपुटणं म्हणजे ती कादंबरी. शेळके ते सगळं अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांच्या बोलीत पकडतात. माझ्या आजीचं माहेर तिकडचं. 'श्यामची आई' ती पुस्तकी मराठीत वाचायची, पण 'धग' वाचायला घेतली की तिचा आवाज बदलायचा, "काहून", "मले", "तुले" आपोआप यायचं, अन् चष्मा काढून ठेवला तरी तिचं चालूच राहायचं, पुस्तकात नसलेलं, तिच्या माहेरच्या कोण्या बाईचं, कुठून कौतिक संपली अन् कुठून ती बाई सुरू झाली हे आम्हाला कळायचंच नाही.

इथं अंजनगाव, दर्यापूर, अचलपूरकडचे कोणी आहे का? ... काकू, तुम्ही? या ना पुढं. पुस्तक आणलंय मी. कोणतंही पान काढा, अन् तुमच्या घरी जसं बोलता तसं वाचा.