साधी गाठ

(दृश्य : कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. बाहेर पावसाची झड.)

ट्रंकेच्या तळाशी, रेशन कार्डाखाली, काकूंचा जुना सोनोग्राफी रिपोर्ट. घरात बोलणं मराठी, बसची पाटी कानडी, रिपोर्ट इंग्रजी. डॉक्टर म्हणाले होते, "साधी गाठ आहे, पण वर्षानं दाखवून जा." 'साधी' तेवढं लक्षात राहिलं. बाकीचं रोपलावणीत गेलं.

गाठीचं नाव डर्मॉइड. अंडाशयातली एखादी बीजपेशी भलत्याच वाटेला लागते आणि आतल्या आत कातडी, केस, कधी दातसुद्धा घडवू लागते. ही करणी नव्हे, गर्भ तर नव्हेच. पण दाताचं कळलं की गावात कुजबुज होते, म्हणून बायका गाठ सांगतच नाहीत.

१०० पैकी ९८-९९ डर्मॉइडमध्ये कॅन्सर होत नाही. उरलेल्या एक-दोनांत कॅन्सर उपजतो, तोही बहुतेकदा कातडीच्या पेशींचा, स्क्वॅमस. ज्या कातडीनं कधी ऊन पाहिलं नाही, तिचा! बहुधा पाळी गेल्यानंतर, आणि गाठ १० सेंटिमीटरच्या वर गेलेली असताना.

ह्या काकूंची पाळी जाऊन ७ वर्षं झालेली. "परकराची नाडी पुरेना झाली," एवढंच त्या सांगतात. घरच्यांना वाटलं, गॅस.

(दृश्य : मिरजेकडे निघालेली रेल्वे. मग प्रयोगशाळेतलं टेबल.)

अशी गाठ शक्यतो न फोडता, अख्खी काढतात. आतलं पोटात सांडलं तर पेशीही सांडतात. टेबलावर चिरली की पिवळसर मेद बाहेर येतो आणि थंडीतल्या तुपासारखा थिजतो. त्यात केसांचा गुंता. बघणारे त्या गुंत्याकडेच बघत राहतात. पॅथॉलॉजिस्टचं बोट मात्र आतल्या भिंतीवरून फिरत असतं. एके जागी भिंत जाड लागते, कठीण. तिथला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. सोनोग्राफीत बऱ्याचदा जे दिसत नाही, ते इथं दिसतं.

काकूंच्या गाठीत कॅन्सर निघाला, पण तो गाठीच्या आतच होता. कवच ओलांडून पोटात पसरला असता, तर उपचार फार अवघड झाले असते.

(दृश्य : पुन्हा घर. पाऊस उघडलेला.)

काकूंची भाची ३४ वर्षांची. तिलाही डर्मॉइड, ४ सेंटिमीटरची. काढून टाकायची का? डॉक्टर म्हणाले, घाई नाही, वर्षानं दाखवा. भाची रिपोर्ट पिशवीत घालत होती, तेवढ्यात काकू उठल्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्वतःच्या तपासणीखाली तिची तारीख लिहिली, आणि चहा टाकायला आत गेल्या.